एक गाणं, मालक किती? 'कोंबडी पळाली' आणि एका इटालियन डान्स सिंगलवरून शिकायचा धंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत मला दोन गाणी वाजवून दाखवायची होती. वाजवली नाहीत. वाजवली असती तर व्हिडिओवर कॉपीराइटचा क्लेम आला असता, आणि आजचा विषय नेमका तोच आहे. व्हिडिओत दहा मिनिटांत जेवढं बसलं तेवढं बोललो, बाकीचं इथे लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण मधे एकदोन ठिकाणी तुम्हाला स्वतःच्या धंद्याचं नाव लिहून बघावं लागेल.

पहिलं गाणं तुम्हाला सांगायची गरज नाही. २००६ साली केदार शिंदे यांचा 'जत्रा' आला आणि त्यातलं 'कोंबडी पळाली' गावोगाव गेलं. आपल्या शेवगावात त्या काळात एकही वरात या गाण्याशिवाय दारात आली नसेल. शाळेच्या गॅदरिंगला तर एकाच कार्यक्रमात तीन-तीन वर्ग तेच गाणं घ्यायचे आणि बाई वैतागायच्या. पिक्चर किती जणांनी थिएटरला जाऊन बघितला हा वेगळा मुद्दा, गाणं मात्र सगळ्यांना पाठ.

आता सहा वर्षं पुढे या. २६ जानेवारी २०१२ ला हिंदी 'अग्निपथ' लागला आणि त्यात 'चिकनी चमेली' आलं. पहिल्याच ठेक्याला आपल्याकडची पोरं म्हणाली, "अरे, ही तर आपली कोंबडी!"

माझा प्रश्न असा: कोंबडीतून चमेलीत नेमकं काय गेलं?

शब्द गेले नाहीत. मराठी शब्द जितेंद्र जोशी यांचे होते, हिंदी शब्द अमिताभ भट्टाचार्य यांनी नवीन लिहिले. आवाज गेला नाही. मराठीत आनंद शिंदे आणि वैशाली सामंत, हिंदीत श्रेया घोषाल. चेहरा गेला नाही. इकडे क्रांती रेडकर आणि भरत जाधव, तिकडे कतरिना कैफ. रेकॉर्डिंगही तेच नव्हतं, सगळं नव्याने वाजवलं. गेली ती फक्त चाल. आणि चालीचे मालक अजय-अतुल दोन्हीकडे संगीतकार म्हणून हजर होते.

'झिंगाट'चं बघा. २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' आला, २०१८ ला त्याचा हिंदी 'धडक' झाला. झिंगाटची चाल गेली, आणि या वेळी आवाजही गेला, कारण दोन्हीकडे गायलं अजय-अतुल यांनीच. शब्द तेवढे बदलले, तेही परत अमिताभ भट्टाचार्य यांनीच लिहिले. म्हणजे प्रत्येक वेळी गाण्याचे वेगवेगळे थर सुटे होऊन प्रवास करतात.

हे थर एकदा नीट लिहून घ्या: शब्द, चाल, रेकॉर्डिंग, आवाज, चेहरा, आणि ज्या नावाने गाणं विकलं जातं ते नाव. ऐकणाऱ्याला एकच गाणं ऐकू येतं. धंद्याच्या वहीत मात्र ही सहा वेगळी खाती असतात, आणि प्रत्येक खात्याचा मालक वेगळा असू शकतो.

आता ही सहा खाती सगळ्यात उघडी दिसतात ती नव्वदच्या दशकातल्या युरोपच्या डान्स गाण्यांत. म्हणून जरा लांब जाऊ, मग परत तालुक्यात येऊ.

त्या गाण्यांना युरोडान्स म्हणायचे. मिनिटाला साधारण १२० ते १४० ठोके, सिंथेसायझरची एक धून जी डोक्यातून निघत नाही, बाईच्या आवाजात मोठं ध्रुवपद, मधे पुरुषाच्या आवाजात रॅप. इटली, जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन इकडे हा माल तयार व्हायचा. 'माल' शब्द मुद्दाम वापरतोय. कारण बरेचदा तिथे आधी बँड आणि मग गाणं असं नसायचं. स्टुडिओत बसलेला प्रोड्यूसर आधी गाणं तयार करायचा, मग त्याला आवाज शोधायचा, मग टीव्हीवर दिसायला चेहरा शोधायचा. आणि विकायचे 'सिंगल'. आपल्याकडे कॅसेट घेतली की आठ-दहा गाणी यायची, त्यातलं एक आवडायचं. सिंगल म्हणजे एकाच गाण्यासाठी घेतलेली तबकडी किंवा सीडी, त्यावर तेच गाणं तीन-चार प्रकारे मिक्स केलेलं: रेडिओसाठी छोटं, डिस्कोसाठी लांब. एकच प्रॉडक्ट, चार पॅकिंग. किराणावाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९९३ च्या शेवटी इटलीत असाच एक सिंगल आला, 'द रिदम ऑफ द नाइट'. कलाकाराचं नाव होतं कोरोना. (हो, तेव्हा त्या शब्दाला कुणी घाबरत नव्हतं.) १९९४ मध्ये तो इंग्लंडच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, पुढे अमेरिकेतही चालला. व्हिडिओत नाचते ती ओल्गा सूझा, मूळची ब्राझीलची. जगाने 'कोरोना' म्हणून तिलाच ओळखलं.

गायलं मात्र तिने नाही.

आवाज होता जिओव्हाना बेर्सोला हिचा, जिला इटलीत जेनी बी म्हणतात. गाण्याच्या मागे प्रोड्यूसर फ्रान्चेस्को बोन्तेम्पी होता, जो ली मॅरो या नावाने काम करायचा. कोरोनाचा अल्बम १९९५ ला आला तेव्हा बाकीच्या बऱ्याच गाण्यांना सँडी चेंबर्स हिचा आवाज होता. म्हणजे गायिका बदलली, चेहरा तोच, नाव तेच, आणि गिऱ्हाइकाला काही कळलं नाही. 'कोरोना' हा माणूस नव्हताच, तो ब्रँड होता.

एवढंच नाही. गाण्याचं जे ध्रुवपद सगळ्यांच्या तोंडात बसलं, त्याचं मूळ १९८७ च्या 'सेव्ह मी' नावाच्या एका इंग्लिश गाण्यात आहे. म्हणून 'रिदम ऑफ द नाइट'च्या लेखक-संगीतकारांच्या यादीत बोन्तेम्पीसोबत त्या जुन्या गाण्यातल्या पीट ग्लेनिस्टर आणि माइक गॅफी यांचीही नावं आहेत. १९८७ ला त्यांचं गाणं फार कुणाला माहीत झालं नाही. सहा वर्षांनी दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेच्या माणसांनी ते उचललं आणि जगभर वाजवलं, तरी यादीत नाव यांचं. मला या सगळ्या गोष्टीतला हा भाग फार आवडतो. आपल्या पडून राहिलेल्या मालाकडे बघायची नजरच बदलते.

पुढे काय झालं ते अजून बघण्यासारखं आहे. २०१३ ला बॅस्टिल नावाच्या इंग्लिश बँडने 'ऑफ द नाइट' काढलं. त्यात हे गाणं आणि स्नॅप या ग्रुपचं १९९२ चं 'रिदम इज अ डान्सर' अशी दोन युरोडान्स गाणी एकत्र केली. बॅस्टिलने स्वतः गायलं, स्वतः वाजवलं. आणि २०१९ ला ब्लॅक आयड पीज आणि जे बाल्विन यांनी 'रितमो' काढलं, त्यात कोरोनाच्या गाण्याचाच सॅम्पल वापरला. सॅम्पल म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा कापून नव्या गाण्यात बसवणं.

या दोघांतला फरक धंद्याच्या दृष्टीने मोठा आहे. कुणी गाणं नव्याने गाऊन, वाजवून रेकॉर्ड केलं तर शब्द आणि चाल ज्यांची, त्यांचं खातं उघडतं. रेकॉर्डिंगच्या मालकाचा त्यात संबंध येत नाही, कारण त्याची टेप कुणी हातात घेतलीच नाही. सॅम्पल घेतला तर रेकॉर्डिंगच्या मालकाचीही परवानगी लागते, त्याचंही खातं उघडतं. एकच गाणं दोनदा परत आलं आणि दोन्ही वेळा वेगळ्या लोकांकडे पैशाची वाट तयार झाली.

चेहऱ्याचं काय? चेहऱ्याला स्टेज शो मिळतात, मानधन मिळतं, ओळख मिळते. ओल्गा सूझा वर्षानुवर्षं कोरोना म्हणून कार्यक्रम करत राहिली. पण दुसऱ्या कुणी चाल उचलली तर चेहऱ्याला त्यातून काही येत नाही. आवाजाची अवस्था मधली. जेनी बी पुढे स्वतःच्या नावाने उभी राहिली, २००० साली सानरेमोच्या मोठ्या गायन महोत्सवात नवोदितांच्या गटात जिंकली. तिचं ते नाव लोकांना कळायला मधे सहा-सात वर्षं गेली, एवढं लक्षात घ्या.

याहून कडक उदाहरण १९८९ चं आहे. ब्लॅक बॉक्स या इटालियन ग्रुपचं 'राइड ऑन टाइम' इंग्लंडमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. व्हिडिओत एक फ्रेंच मॉडेल ओठ हलवत होती. आवाज होता अमेरिकेच्या लोलिएटा हॉलोवे या गायिकेचा, तिच्या १९८० च्या 'लव्ह सेन्सेशन' गाण्यातून तुकडे करून घेतलेला, तिला न विचारता. तिने कायद्याचा रस्ता धरला तेव्हा तडजोड झाली. मधल्या काळात तिचा आवाज क्लबांतून घुमत होता आणि पडद्यावर दुसरी बाई होती. हे ऐकून कुणाला वाईट वाटलं तर ठीक आहे, मलाही वाटतं. पण आपण इथे हळहळायला बसलो नाही. तिच्याकडे दावा करण्यासारखं काहीतरी होतं, म्हणून तडजोड तरी झाली.

बीबीएला आम्हाला प्रॉडक्ट लाइफ सायकलचा आलेख काढायला लावायचे: माल येतो, वाढतो, टिकतो, उतरतो. परीक्षेत मार्क मिळाले, पण गाण्यासारख्या मालाला तो आलेख लागू पडत नाही असं माझं मत झालंय. आयफेल ६५ या तुरिन शहरातल्या ग्रुपचं 'ब्लू' १९९८ ला इटलीत निघालं तेव्हा आधी फार हललं नाही. १९९९ ला युरोपभर पेटलं, सप्टेंबरमध्ये इंग्लंडमध्ये एक नंबर. मग उतरलं. २००९ ला अमेरिकन रॅपर फ्लो रायडाने त्याची चाल वापरली. २०२२ ला डेव्हिड गेटा आणि बेबी रेक्सा यांनी तीच चाल घेऊन 'आय अ‍ॅम गुड' काढलं आणि ते परत इंग्लंडमध्ये एक नंबरला गेलं. मूळ गाणं लिहिणाऱ्या तिघांची नावं नव्या गाण्याच्या श्रेयातही आहेत. तेवीस वर्षांनी! दुकानात तेवीस वर्षं जुना माल असेल तर आपण भंगारवाल्याला फोन करतो.

मग आपल्याकडे कायदा काय म्हणतो? हे जरा हळू वाचा.

आपल्या कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे शब्द लिहिणारा शब्दांचा मालक, चाल लावणारा चालीचा मालक. या दोन्ही गोष्टींचा हक्क त्या माणसाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. रेकॉर्डिंगचा हक्क त्याच्या निर्मात्याचा, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते करून घेतलं त्याचा. तो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. गाणाऱ्याला परफॉर्मर म्हणून वेगळा हक्क आहे, ५० वर्षांचा. हे हक्क काम तयार झालं की आपोआप येतात, नोंदणी सक्तीची नाही.

हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. तोंडी "घे रे तुला" ला कायद्यात किंमत नाही. कराराच्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेणाऱ्याने वर्षभरात त्याचा वापरच केला नाही, आणि कागदावर वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर तो हक्क परत जातो. या तीन ओळी मी माझ्या प्रत्येक बॅचला पाठ करायला लावतो.

२०१२ ला कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर यांनी जोर लावला होता. त्याआधी अनेक गीतकार-संगीतकार एकरकमी पैसे घेऊन सगळं लिहून द्यायचे आणि गाणं पुढे कितीही चाललं तरी त्यांच्या हाती काही यायचं नाही. आता सिनेमातल्या किंवा रेकॉर्डिंगमधल्या गाण्याचे शब्द आणि चाल करणाऱ्याला रॉयल्टीतला समान वाटा सोडून देताच येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला तो देता येतो, इतर कुणाला नाही. थिएटरमध्ये सिनेमासोबत गाणं दाखवलं जातं ते यातून वगळलंय. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस ही संस्था आहे, १९६९ पासूनची, मुंबईत. गाणी करणाऱ्या मुलांनी तिची माहिती काढून ठेवावी.

आता तालुक्यात येऊ.

माझं दुकान मोबाइल अ‍ॅक्सेसरीज आणि साउंडच्या सामानाचं आहे, त्यामुळे डीजेवाले, बँजो पार्टीवाले, स्टुडिओवाले, यूट्यूबवर गाणी टाकणारी पोरं, सगळी केबल आणि पिन घ्यायला येतात आणि उभ्या उभ्या सल्ला विचारतात. मागच्या वर्षी बोधेगावकडचा एक मुलगा आला. त्याने नवरात्रासाठी देवीचं गाणं केलं होतं. शब्द त्याचे स्वतःचे, चाल आणि म्युझिक एका स्टुडिओवाल्याचं, गायक तिसराच. पैसे याने दिले, व्हिडिओ याने शूट केला, चॅनल याचा. गाणं परिसरात बऱ्यापैकी चाललं. वर्षभराने स्टुडिओवाल्याने तेच रेकॉर्डिंग ऑनलाइन विकणाऱ्या एका सर्व्हिसमार्फत स्वतःच्या नावाने टाकलं, आणि त्या मुलाच्याच व्हिडिओवर क्लेम आला. आता त्याच्या गाण्याच्या जाहिरातीचे पैसे दुसऱ्याकडे जाणार.

मुलगा म्हणाला, "सर, पैसे मी दिले, मग गाणं माझंच ना?"

स्टुडिओवाल्याचं म्हणणं, "चाल मी लावली, मग माझं नाही का?"

दोघंही निम्मे बरोबर होते. शब्द मुलाचे. चाल स्टुडिओवाल्याची, कारण चालीचे पैसे दिले म्हणून चालीची मालकी आपोआप येत नाही. रेकॉर्डिंग मुलाचं, कारण पुढाकार आणि खर्च त्याचा. म्हणजे स्टुडिओवाल्याला ते रेकॉर्डिंग परस्पर टाकायचा हक्क नव्हता, आणि मुलालाही ती चाल कायमची आपलीच म्हणता येत नव्हती. कागद एकही नव्हता. होते ते फोनपेचे व्यवहार आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेज, त्यात "तुझं गाणं रेडी आहे" असं स्टुडिओवाल्याच्याच आवाजात. त्यावर मुलाने यूट्यूबकडे डिस्प्यूट टाकला. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. त्या ३० दिवसांत दोघांना मी दुकानात बसवलं, चहा पाजला, आणि जो कागद गाणं करायच्या आधी व्हायला हवा होता तो त्या दिवशी केला. क्लेम त्याने मागे घेतला. चालीला त्याचं नाव, उत्पन्नात वाटा, आणि पुढची गाणी कुणाच्या नावाने जाणार ते ठरलं. बरं झालं की दोघं एकमेकांना ओळखत होते. परक्या शहरातला स्टुडिओ असता तर चहावर भागलं नसतं.

क्लेम आणि स्ट्राइक यात गोंधळ करू नका, बरेच जण करतात. क्लेममध्ये साधारणपणे व्हिडिओ राहतो, पैसे दुसऱ्याकडे जातात. स्ट्राइकमध्ये व्हिडिओ काढला जातो, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनलच जाऊ शकतं.

तुम्ही गाणं करून घेणार असाल तर कागदावर काय असावं? समजा एकूण खर्च १५,००० आहे: ६,००० चाल आणि म्युझिकचे, ३,००० गायकाचे, बाकी शूटिंग आणि एडिटिंगचे. आपण बहुतेक जण फक्त हे आकडे ठरवतो आणि इसार देऊन मोकळे होतो. त्या प्रत्येक आकड्यासमोर अजून थोडं लिहा: या पैशात मला काय मिळालं? चाल वापरायची परवानगी मिळाली की चालीचा हक्कच मिळाला? किती वर्षांसाठी? फक्त यूट्यूब की सगळीकडे? भारतात की जगभर? नंतर कुणी हे गाणं सिनेमासाठी किंवा जाहिरातीसाठी मागितलं तर पैसे कसे वाटायचे? गायकाचं नाव कुठे आणि कसं येणार? मूळ ट्रॅकच्या फाइल कुणाकडे राहणार? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि मग स्टुडिओवाल्याचा कॉम्प्युटर बिघडला की रडतात. हे सगळं साध्या मराठीत एका पानावर मावतं. दोघांच्या सह्या, तारीख, दोन साक्षीदार. रक्कम मोठी असेल तर स्टॅम्पवर करा आणि वकिलाला एकदा दाखवा. नोंदणी करायची असेल तर कॉपीराइट ऑफिसची फी शब्द किंवा चालीसाठी ५०० रुपये आणि रेकॉर्डिंगसाठी २,००० रुपये आहे, अर्ज ऑनलाइन होतो.

फोटोग्राफर मित्रांसाठी एक गोष्ट मधेच सांगतो, कारण ती तुमच्या उलटी आहे. चालीच्या बाबतीत पैसे देणारा आपोआप मालक होत नाही. पण फोटो आणि चित्रफितीच्या बाबतीत, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काम केलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो तुम्ही काढले तरी स्टुडिओच्या बोर्डावर नवरीचा फोटो लावायच्या आधी विचारा. ऑर्डर फॉर्मवर त्याची एक ओळ छापून घ्या.

आणि ते सहावं खातं, नाव. कोरोनामध्ये गायिका बदलली तरी धंदा थांबला नाही, कारण नाव प्रोड्यूसरच्या हातात होतं. आपल्याकडे बँजो पार्टी फुटते तेव्हा पहिलं भांडण ढोलावरून होत नाही, पार्टीच्या नावावरून होतं. दोघंही त्याच नावाने सुपारी घेतात आणि यजमानाला कळत नाही खरी पार्टी कुठली. तिघं मिळून सुरू करत असाल तर नाव कुणाचं हे पहिल्याच दिवशी लिहा. ट्रेडमार्कचा अर्ज एका वर्गासाठी व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन ४,५०० रुपयांत होतो आणि नोंदणी १० वर्षं चालते. हे फक्त बँजोला नाही, मसाल्याला, खानावळीला, क्लासला, सगळ्याला लागू आहे. वहीत तुमच्या धंद्याचं नाव लिहा आणि त्याच्या समोर लिहा, हे नाव आज कागदावर कुणाचं आहे.

आता व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेले दोन प्रश्न.

पहिला: "सर, दुकानाच्या उद्घाटनाला रिक्षा फिरवायची आहे, झिंगाटच्या चालीवर दुकानाचे शब्द बसवले तर?" निवडणुकीत सगळेच करतात म्हणून तुम्हाला चालेल असं नाही. चाल दुसऱ्याची आहे आणि जाहिरात हा धंदा आहे, त्यामुळे परवानगी लागते. कायद्यात जुन्या गाण्याचं नव्याने रेकॉर्डिंग करायची एक सोय आहे, मूळ रेकॉर्डिंगला ५ वर्षं झाल्यावर, आधी नोटीस आणि रॉयल्टी देऊन. पण त्यात शब्द हवे तसे बदलता येत नाहीत, त्यामुळे तुमच्या साडी सेंटरच्या कामाची नाही. त्यापेक्षा गावातल्या एखाद्या हलगीवाल्याकडून आणि गाणाऱ्या पोराकडून वीस सेकंदांची स्वतःची धून करून घ्या. वर सांगितलेला एक पानाचा कागद करा, आणि तीच धून रिक्षावर, रीलवर, फोनच्या कॉलर ट्यूनवर वर्षानुवर्षं वापरा. झिंगाट वाजलं की लोकांना आर्ची आठवते, तुमचं दुकान नाही.

दुसरा प्रश्न डीजेवाल्यांचा: "लग्नात गाणी वाजवायला लायसन्स लागतं का?" कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभाला सूट आहे, आणि त्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सामाजिक कार्यक्रम येतात असं तिथेच स्पष्ट लिहिलंय. २४ जुलै २०२३ ला केंद्राच्या उद्योग खात्याने तशी जाहीर सूचनाही काढली. मग गोवा सरकारने याच धर्तीवर परिपत्रक काढलं, पण ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. म्हणून सूट मिळते ती कायद्याच्या शब्दांपुरती, परिपत्रकाच्या भरवशावर ती ताणू नका. वरात आणि हळद ही एक गोष्ट झाली. तिकीट लावून केलेला थर्टीफर्स्टचा कार्यक्रम, हॉटेलमधली डीजे नाइट, दुकानाचा वर्धापनदिन या लग्नात बसत नाहीत. तिथे रेकॉर्डिंगवाल्यांचं आणि शब्द-चालवाल्यांचं, दोन्ही लायसन्स आयोजकाकडे आहे का ते विचारा, आणि सुपारी घेताना पावतीवरच लिहा की लायसन्सची जबाबदारी आयोजकाची. माझ्या काउंटरवर अशा पावतीचा नमुना ठेवलाय, झेरॉक्सच्या पैशात घेऊन जा. रात्री दहानंतरच्या आवाजाचा प्रश्न वेगळा, तो पोलीस स्टेशनचा विषय आहे, त्यावर पुढच्या गुरुवारी बोलू.